वेताळ, चाचा चौधरी, चिंटू मालावर छापायचेत? नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूरला आमचं टी-शर्ट आणि कॉफीचे मग छापायचं छोटं युनिट आहे. परवाना घेऊन कॉमिक्सची पात्रं छापायला लागल्यापासून मेनरोडचे दुकानदार, कॉलेजरोडवर स्टॉल लावणारी मुलं, अंबडचे मोल्डवाले, सगळे एकच फोन करतात : "ते पात्र आपल्याला छापता येईल का हो?" तेच प्रश्न, ज्या भाषेत विचारले जातात त्याच भाषेत, इथे उतरवले आहेत. मी वकील नाही, छापणारा माणूस आहे. सही करण्याआधी करार वकिलाला दाखवाच.

पात्र माझ्या लहानपणचं आहे. इतकं जुनं म्हणजे आता सगळ्यांचंच झालं ना?

नाही. आपण जुनेपणा आपल्या वयावरून मोजतो, कायदा चित्रकाराच्या मृत्यूवरून मोजतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत असतोच, आणि तो गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून आणखी ६० वर्षं राहतो. चाचा चौधरीचे जनक प्राण २०१४ मध्ये गेले, म्हणजे त्यांनी काढलेली चित्रं २०७४ अखेरपर्यंत बांधलेली. आर. के. लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ ला गेले, म्हणजे 'कॉमन मॅन' २०७५ संपेपर्यंत. दोघांनी मिळून एकच कृती केली असेल तर ६० वर्षं दोघांपैकी नंतर जाणाऱ्यापासून मोजायची.

उलट राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांची लक्ष्मी-सरस्वती मगवर छापा, कोणी अडवणार नाही. फक्त एखाद्या आजच्या कलाकाराने ती नव्याने रंगवली असेल तर ती त्याची आवृत्ती उचलू नका.

अमेरिकेत पॉपाय आणि टिनटिन मोकळे झाल्याची बातमी वाचली. मग नाशिकमध्ये छापायला काय हरकत?

बातमी खरी, पण ती अमेरिकेपुरती. तिथे त्या काळातल्या प्रकाशनांना ९५ वर्षांचं संरक्षण आहे. दोन्ही पात्रं १९२९ ची, म्हणून त्या वर्षीची त्यांची चित्रं १ जानेवारी २०२५ ला तिथे खुली झाली. तुम्ही माल विकणार इथे, म्हणजे हिशेब इथल्या कायद्याने करायचा, आणि तो केला की गंमत दिसते. टिनटिनचे चित्रकार एर्जे १९८३ मध्ये वारले, म्हणजे भारतात टिनटिन २०४३ संपेपर्यंत बंद. पॉपायचे चित्रकार एल्झी सेगर १९३८ मध्येच गेले, त्यामुळे त्यांच्या हातची चित्रं आपल्याकडे कधीच मोकळी झाली आहेत. एकाच बातमीतली दोन पात्रं, आणि आपल्यासाठी उत्तरं दोन.

पॉपायलाही लगेच छपाईची स्क्रीन लावू नका. सेगर यांच्यानंतर इतरांनी काढलेली चित्रं वेगळी, आणि नावावरचा ट्रेडमार्क त्याहून वेगळा. कॉपीराइट कधीतरी संपतो. ट्रेडमार्क दर १० वर्षांनी नूतनीकरण केलं की पिढ्यान् पिढ्या चालतो. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट घेता येतो. कपड्यांसाठी वर्ग २५, वह्या-स्टेशनरीसाठी १६, खेळण्यांसाठी २८, मग-डब्यांसाठी २१. तुमच्या मालाच्या वर्गात नाव कोणाचं आहे ते आधी बघा.

परवानगी मागायची कोणाकडे? प्रकाशकाकडे, वर्तमानपत्राकडे की चित्रकाराकडे?

सगळ्यात जास्त पैसे याच प्रश्नावर बुडतात. "मालक कोण?" असं विचारू नका. "कशाचा मालक कोण?" असं विचारा. एका पात्रात चित्र असतं, नाव असतं, गोष्ट असते, कधी त्यावर निघालेला सिनेमा असतो, आणि प्रत्येक गोष्ट वेगळ्या कपाटात असू शकते.

सर्वसाधारण नियम असा, की नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा. पण वर्तमानपत्रं आणि मासिकांसाठी कायद्याच्या कलम १७ मध्ये एक खाचखळगा आहे. पगारी चित्रकाराने वर्तमानपत्रासाठी काढलेल्या चित्राचा छापील अंकापुरता हक्क मालकाचा, आणि बाकी सगळ्या बाबतीत, उलट काही ठरलं नसेल तर, पहिला मालक चित्रकारच. मग आणि टी-शर्ट त्या 'बाकी सगळ्या'त येतात. म्हणजे संपादकीय विभागातून कोणी "छापा हो, आमची हरकत नाही" म्हटलं तरी ती परवानगी कदाचित त्यांच्या हातातच नसते. चित्रकार बाहेरून, मानधनावर काम करत असेल तर त्याच्या करारात काय लिहिलंय तेच बघावं लागतं.

'चिंटू' घ्या. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू केलेला हा पोरगा पुढे दुसऱ्या वर्तमानपत्रात गेला, २०१२ मध्ये सिनेमातही आला. सिनेमातल्या मुलाचा चेहरा आणि पट्टीतला रेघांचा चिंटू या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुकानदार म्हणतो "चिंटूचं लायसन घेतो", पण पाकिटावर त्याला पोस्टरमधला फोटो हवा असतो! असं पात्र डोक्यात असेल तर पहिलं पत्र निर्मात्यांना लिहा आणि त्यांनाच विचारा, मालासाठीचे हक्क कोणाकडे दिलेत.

आमच्याकडे पहिल्या वर्षी एक मध्यस्थ आला होता. हातात रंगीत कागद, वर मोठ्या पात्राचं नाव. आम्ही आगाऊ रक्कम भरली आणि नंतर कळलं की त्याच्याकडे हक्क होते फक्त वह्या आणि पेन्सिलींचे, टी-शर्टचे नव्हतेच. पैसे परत यायला दीड वर्ष लागलं, तेही अर्धेच. तेव्हापासून मी मूळ मालकापासून समोरच्यापर्यंतच्या सगळ्या करारांच्या प्रती मागतो. रक्कम झाकून दिल्या तरी चालेल, पण मालाचा प्रकार, प्रदेश आणि मुदत दिसलीच पाहिजे. नाक मुरडणारा मध्यस्थ असेल तर चहा पाजून निरोप द्यावा.

माझ्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा आहे. त्यातला वेताळ स्कॅन करून पोस्टर काढतो.

गठ्ठा तुमचा, वेताळ नाही. अंक विकत घेतला म्हणजे कागद विकत घेतला. इंद्रजाल १९६४ मध्ये टाइम्स समूहाने सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद झालं, म्हणून लोकांना वाटतं मालक उरला नाही. वेताळ म्हणजे ली फॉक यांचा १९३६ चा फँटम. तो अमेरिकेच्या किंग फीचर्सचा आहे, आणि ती संस्था आजही परवाने देते. त्याच इंद्रजालमधला बहादूर मात्र आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये इथेच घडवलेला, त्याची साखळी वेगळी. शिवाय कितीतरी मुखपृष्ठं इथल्या चित्रकारांनी रंगवलेली, म्हणजे एका पोस्टरला दोन परवानग्या लागू शकतात.

एसटी स्टँडच्या स्टॉलवर घेतलेले अंक तसेच्या तसे जुनी पुस्तकं म्हणून विकायला मात्र कसलाही परवाना लागत नाही.

मी स्वतःच्या हाताने काढलं, थोडे रंग बदलले, नावही बदललं. मग तर माझंच झालं?

"वीस टक्के बदललं की चालतं" हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, की ते कायद्याच्या पुस्तकात असेल असं मलाही एकेकाळी वाटायचं. तिथे असा कुठलाही टक्का नाही. बघणाऱ्याला मूळ पात्र ओळखू येतं का आणि त्यातला महत्त्वाचा भाग उचललाय का, एवढंच बघतात. राज कॉमिक्सच्या नागराजसमोर दुसऱ्या प्रकाशकाने 'नागेश' आणला तेव्हा प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. नाव वेगळं होतं, तरी हिरवं अंग आणि सापांच्या करामती बघून न्यायालयाने नागेशला थांबवलं.

कागदावरच्या चित्राची मूर्ती केली तरी सुटका नाही. पॉपायच्या बाहुल्या आणि ब्रूच विकणाऱ्यांविरुद्ध इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९४१ मध्येच निकाल दिलाय, आणि आपल्या कायद्यात सपाट चित्राला घनरूप देण्याचा हक्क सरळ चित्राच्या मालकाला दिलेला आहे. एआयकडून काढून घेतलेल्या चित्रालाही हेच माप. यंत्राने काढलेला चाचा चौधरी हा चाचा चौधरीच.

सिंहस्थ येतोय. राम, हनुमान, भीम यांचं काय? ते तर कोणाच्या बापाचे नाहीत!

खरंय, राम-हनुमानाची मालकी कोणाकडे नाही. पण कोणी काढलेल्या विशिष्ट हनुमानाची असते. गाड्यांच्या मागच्या काचेवर दिसणारा तो भगव्या-काळ्या रंगातला रागीट हनुमान आठवा. तो कासरगोडच्या करण आचार्य यांनी २०१५ मध्ये गावातल्या पोरांच्या झेंड्यासाठी काढला आणि देशभर स्टिकरवाल्यांनी विकला. देव सगळ्यांचा असला तरी रेघ त्यांची आहे. तसंच महाभारतातला भीम मोकळा, 'छोटा भीम' नाही. अमर चित्र कथेतली पानं उचलून पंचवटीत पोस्टर विकणंही त्याच जातीचं.

माझा सल्ला सरळ आहे. सिंहस्थासाठी परवान्याच्या मागे धावूच नका. काळाराम, रामकुंड, गोदेचा घाट हे स्वतःच्या चित्रकाराकडून कॉमिक्सच्या ढंगात काढून घ्या, आणि त्याच्याकडून हक्काचं लेखी हस्तांतर घ्या. माल तुमचा, आणि रॉयल्टी शून्य.

खर्च किती येतो?

दोन आकडे असतात. पहिला रॉयल्टी, म्हणजे विक्रीवरचा टक्का. तो पात्र आणि माल बघून साधारण ५ ते १५ टक्क्यांत असतो. दुसरा किमान हमी, ज्याला या धंद्यात सगळे 'एमजी' म्हणतात. माल विको न विको, ही रक्कम द्यायचीच, आणि तिचा काही भाग सहीच्या दिवशीच.

लोक टक्क्यावरून घासाघीस करतात आणि एमजी मुकाट्याने मान्य करतात. खरं दुखणं एमजीचं आहे. समजा तुमचा मग घाऊक १२० रुपयांना जातो, रॉयल्टी ८ टक्के आणि एमजी वर्षाला १ लाख. एका मगमागे ९ रुपये ६० पैसे. म्हणजे एमजी वसूल व्हायला साडेदहा हजारांच्या आसपास मग विकले पाहिजेत. शालिमारच्या एका दुकानातून महिन्याला किती मग जातात ते मोजा आणि मग सहीचं पेन उचला. टक्का १० करून एमजी निम्मी करा, असं मी नेहमी मागतो. कधीकधी मिळतं. लहान मराठी पात्रांचे निर्माते थेट भेटले तर एमजीशिवाय, दर खेपेच्या छपाईवर ठोक रक्कम घेऊनही तयार होतात.

टक्का कशावर, हेही लिहून घ्या. जीएसटी वगळून, परत आलेला माल वगळून, आणि घाऊक किमतीवर. 'एमआरपीवर' असा शब्द राहून गेला तर नफा त्यातच गेला.

करारात आणखी काय बघू?

सगळं लेखी आणि सहीनिशी हवं, व्हॉट्सअॅपवरचा अंगठा चालत नाही. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे दुबईच्या नातेवाइकाला माल पाठवायचा असेल तर तसा शब्द करारात हवा. ऑनलाइन विक्री स्वतंत्र लिहून घ्या, बऱ्याच मालकांनी ती दुसऱ्यालाच दिलेली असते.

हक्क तुमच्या एकट्याचा की इतरांनाही देणार? एकट्याचा महाग पडतो, आणि नाशिकपुरता माल विकणाऱ्याला त्याची गरज नसते. माल बाहेरून, म्हणजे तिरुपूरहून वगैरे करून घेणार असाल तर त्या कारखान्याचं नावही मालकाला कळवावं लागतं. करार संपल्यावर उरलेला माल विकायला किती दिवस, हे कलम नसेल तर शेवटच्या दिवशी गोदामातला माल बेकायदा होतो. तीन महिने मागा.

स्टॅम्पपेपर ५०० चा लागतो, शंभराच्या कागदाचे दिवस २०२४ मध्ये संपले. मोठ्या रकमेच्या कराराला शुल्क किती ते वकिलाला विचारा. मुद्रांक छापणारा सरकारी छापखाना नाशिकरोडला असला, तरी आपल्याला काही सवलत नाही!

मंजुरी म्हणजे काय? एकदा पैसे भरले की छापायला मोकळे ना?

मोकळे नाही. मालक एक स्टाइल गाइड देतो. पात्र कुठल्या बाजूने बघतं, कुठला रंग, शेजारी काय लिहायचं नाही, सगळं त्यात. मग आधी डिझाइन पाठवायचं, ते मंजूर झालं की प्रत्यक्ष नमुना, आणि पहिल्या लॉटमधले नग. दर टप्प्याला लेखी होकार.

आम्ही डिझाइनचा होकार आल्यावर घाईने ६०० मग सबलिमेशनला, म्हणजे उष्णतेने चित्र उतरवायच्या छपाईला लावले. दिवाळी तोंडावर होती. स्क्रीनवरचा लाल मगवर विटकरी उतरला. मालकाने नाकारला, आणि नुसता नाकारला नाही, तर नष्ट करून पुरावा पाठवा म्हणाला. आमच्या दोन पोरांनी युनिटच्या मागे हातोडीने ते मग फोडले आणि त्याचा व्हिडिओ मी स्वतः काढला. मंजुरीला दोन-तीन आठवडे धरा. दिवाळीचा माल गणपतीच्या आधी पाठवा.

खेळणी करायची आहेत. वेगळं काही?

हो, बरंच. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. पात्राचा परवाना असला आणि हे नसलं तरी माल जप्त होतो.

दुसरं थोडं किचकट आहे, पण मोल्डवाल्यांनी वाचावंच. एखादा आकार डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखा असून नोंदवला नाही, आणि यंत्रावर त्याचे ५० पेक्षा जास्त नग निघाले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ तसं सांगतं. डिझाइनची नोंदणी आधी १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं टिकते, पण ती वस्तू बाजारात किंवा इन्स्टाग्रामवर दाखवण्याआधी करायची. म्हणून करारात लिहा की मोल्डच्या आकाराची नोंदणी कोण करणार, कोणाच्या नावावर, आणि करार संपल्यावर तो मोल्ड कोणाकडे राहणार. लाखभराचा मोल्ड भंगारात देताना फार जीवावर येतं.

पात्राचं नाव इथे कोणी नोंदवलेलं नाही. मीच ट्रेडमार्क घेऊन टाकू?

अर्जाची फी लहान उद्योगाला प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, म्हणून मोह होतो. एक उदाहरण मोह वाढवणारं आहे. 'नॉडी' या इंग्रजी बालपात्राच्या परदेशी मालकाने लहान मुलांचे कपडे करणाऱ्या इथल्या व्यावसायिकाविरुद्ध दावा लावला, आणि भारतात आपला वापर आणि लौकिक आधीपासून होता हे पुराव्याने दाखवता न आल्याने २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हरला. पण ते प्रकरण नावाच्या वापराचं होतं आणि वर्षानुवर्षं चाललं. तुम्ही आज दुसऱ्याचं जिवंत पात्र नोंदवायला गेलात तर चित्राचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. नुसतं नाव घेऊन काय छापणार?

रविवार कारंज्यावर सगळेच विकतात. मलाच कोण पकडणार?

कदाचित कोणीच नाही. मी भीती घालत नाही, आकडे सांगतो. व्यापारासाठी उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय येऊ शकतात. विकणाराही सापडतो, फक्त छापणारा नाही. शिवाय मालकाला स्वतःच्या गावी दावा लावता येतो, मग तारखांना मुंबई-दिल्लीच्या चकरा तुमच्या. परवान्याचा माल रीतसर घाऊक आणून विकायला मात्र तुम्हाला वेगळा परवाना लागत नाही. बिलं जपून ठेवा.

वाढदिवसाच्या केकवर? गणपतीच्या देखाव्यात?

घरी केलेल्या केकमागे कोणी लागत नाही. बेकरीने कॅटलॉगमध्ये पात्र टाकलं की तो धंदा झाला. देखाव्याबद्दल, धार्मिक कार्यक्रमाची सवलत गाण्या-नाटकाच्या सादरीकरणाला आहे, चित्राला नाही. मंडळाने विचारलं तर बहुतेक निर्माते आनंदाने हो म्हणतात. शेजारी प्रायोजकाचा फलक लागला की मात्र पुन्हा विचारा.

कर?

रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी. भारतातल्या मालकाला पैसे देताना टीडीएस. परदेशी मालक असेल तर जीएसटी तुम्हालाच उलट्या पद्धतीने (रिव्हर्स चार्ज) भरावा लागतो आणि टीडीएसचा हिशेब वेगळा. सीएला करार आधी दाखवा, नंतर नाही.

मी चित्रकार आहे, पात्र माझं आहे. कंपनी "सगळे हक्क द्या, ठोक रक्कम घ्या" म्हणते.

सीगल आणि शूस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅन १३० डॉलरला विकला. एवढं आठवलं तरी पुरे. विकू नका, भाड्याने द्या. मगसाठी एकाला, वह्यांसाठी दुसऱ्याला, दोन-दोन वर्षांसाठी. हस्तांतर करायचंच असेल तर मुदत लिहा, आणि वर्षभरात वापरलं नाही तर हक्क परत येतात ही कायद्यातली तरतूद करारात गुपचूप रद्द केलेली नाही ना, ते बघा. हवाई कंपनीसाठी 'कॉमन मॅन' शुभंकर झाला तरी तो लक्ष्मण यांचाच म्हणून ओळखला गेला.

ठीक आहे, पहिला मेल लिहितो. त्यात काय घालू?

"तुमच्या पात्राचा फार मोठा चाहता आहे" हे एका ओळीत संपवा. मग लिहा : कुठला माल, किती नग, कुठल्या किमतीला, कुठे विकणार, किती काळासाठी, आधी काय बनवलंय. उद्यम नोंदणी आणि जीएसटी क्रमांक, तुमच्या जुन्या मालाचे चार स्वच्छ फोटो. पात्राचा वापर करून बनवलेला नमुना पाठवू नका, तो विनापरवाना छापल्याचा पुरावा ठरतो. उत्तर पंधरा दिवसांत आलं नाही तर फोन करा. मराठी चित्रकार असतील तर थेट फोनच करा, ते मेल कमी बघतात.